नोकरीचा रकाना

तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी राज्याच्या सीईटी कक्षाचा अर्ज भरायला बसलं की उमेदवाराला स्वतःबद्दल बरंच काही सांगावं लागतं. जात, जातीची वैधता, नॉन-क्रिमिलेअर, अधिवास, घरचं उत्पन्न, दहावी-बारावीचे गुण, पदवीचे गुण. पदवीला खुल्या प्रवर्गातल्याला ४५ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ४० टक्के असले की काम भागतं. आजवर पोटासाठी काय काय केलंस, हे मात्र त्या अर्जात कुठंच विचारलेलं नाही. ज्याला उद्या दुसऱ्यांची भांडणं कोर्टात मांडायची आहेत, तो आजवर कोणाच्या दारात, कोणत्या कामावर उभा राहिला होता याची उत्सुकता सरकारला नाही.

मी नगरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करतो आणि सकाळी एका विधी महाविद्यालयात शिकवतो. दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवायची मुभा वकिलाला नियमानं आहे, तिचा मी पुरेपूर फायदा घेतो. (जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. दाव्याच्या मथळ्यात आम्ही तेच टाकतो. एसटीत तिकीट मागताना तोंडातून अजून नगरच निघतं.) माझ्या वर्गात निव्वळ विद्यार्थी असे थोडेच. पतसंस्थेतला क्लार्क असतो, जिल्हा परिषदेचे गुरुजी असतात, विम्याचा एजंट असतो, एखादा माजी सरपंच, सुप्याच्या एमआयडीसीतून रात्रपाळी उरकून थेट आलेला आणि दुसऱ्या बाकावर डोळे ताणून बसणारा ऑपरेटर, घोडेगावच्या कांदा मार्केटमध्ये आडत्याकडे हिशोब लिहिणारा दिवाणजी. भर दुपारी यांतला एकही माणूस तुम्हाला कॉलेजात सापडणार नाही. सगळे आपापल्या कामावर.

सप्टेंबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाचं एक परिपत्रक आलं. विद्यार्थ्यांनी आपल्यावर गुन्हा दाखल आहे का ते सांगावं, एकाच वेळी दुसरी नियमित पदवी करत नसल्याचं लिहून द्यावं आणि नोकरी करत असल्यास तीही जाहीर करून मालकाचं ना-हरकत पत्र जोडावं. शिवाय बायोमेट्रिक हजेरी. माहिती दडवली तर शेवटची गुणपत्रिका आणि पदवी अडकू शकते. परिपत्रकामागची काळजी मला समजते, वर्गात न येता वकील झालेली माणसं मी रोज कोर्टात ऐकतो. पण त्या पत्रानंतर आमच्या वर्गात बेकारी एकदम वाढली. काल-परवापर्यंत ‘सर, मार्चएंड आहे, आठवडाभर जमणार नाही’ म्हणणारा पतसंस्थेचा क्लार्क एका सहीनिशी बेरोजगार झाला. दिवाणजी तर म्हणाला, ‘सर, आमचा शेठ मला पगार रोख देतो, तो ना-हरकत कोणत्या कागदावर देणार? त्याच्याकडं हिशोबपट्टीशिवाय छापील कागदच नाही.’

परदेशातल्या लॉ स्कूलला अर्ज करणारी मुलं आपल्या कोणत्या नोकऱ्या दाखवाव्यात या पेचात असतात. आमच्याकडे कोणत्या लपवाव्यात, हा पेच आहे.

पुढे सनद घ्यायला गेलं की हाच प्रश्न पुन्हा समोर येतो आणि तिथं तो अधिकच कडक असतो. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलला प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, की मी कुठल्या नोकरीत, धंद्यात, व्यवसायात नाही. खोटं सांगून सनद घेतल्याचं उघडकीस आलं तर अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम २६ खाली नाव यादीतून काढता येतं. मुंबईच्या डॉ. हनीराज चुलानींचा खटला वर्गात मी दरवर्षी सांगतो. हे आतड्यांच्या विकारांचे सर्जन. त्यांनी एलएल.बी. केलं आणि डॉक्टरकी न सोडता सनद मागितली. राज्य बार कौन्सिलनं नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९६ मध्ये न्यायालयानंही हेच म्हटलं, की वकिली हा पूर्ण वेळ मागणारा व्यवसाय आहे, दोन डगरींवर पाय चालणार नाही. त्या निकालावर वर्गात दरवर्षी वाद होतो. ऑपरेटर आणि क्लार्क बहुधा चुलानींच्या बाजूनं असतात. ज्यांच्या वडिलांचं स्वतःचं ऑफिस कोर्टासमोर आहे, ती मुलं बार कौन्सिलच्या बाजूनं बोलतात. मी दोन्ही बाजू ऐकून घेतो, पण मनातल्या मनात विचारतो, की सनद मिळाल्यावरची पहिली चार-पाच वर्षं सिनिअरकडे बसून ज्युनिअरनं खायचं काय, हे त्या निकालाच्या कोणत्या परिच्छेदात आहे?

डॉ. आंबेडकरांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली ती १९२३ मध्ये. त्याआधी १९१७ मध्ये बडोदा संस्थानची नोकरी झाली होती. पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं जाण्याच्या अपमानापाशी ती संपली. मग १९१८ ते १९२० सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचं प्राध्यापकपद. सनद हातात आल्यावरही पक्षकारांची रीघ लागली नाही, म्हणून १९२५ ते १९२८ ते बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते. बॅरिस्टरलाही शिकवणीचा आधार लागला होता. माझ्या दिवाणजीला मी हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा जरा सैल झाला.

पण ज्या गोष्टीमुळे हे सगळं लिहायला घेतलं ती वेगळी आहे. अलीकडे आमच्याकडची काही मुलं बाहेर एलएल.एम.ला जायला बघतात. अनुसूचित जातीच्या मुलांना राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, इंग्लंडला जाणाऱ्यांसाठी चेव्हनिंग आहे, आणि मोबाइलवर सगळी माहिती आहे. मग ही मुलं संध्याकाळी माझ्या ऑफिसात अर्ज घेऊन येतात आणि तिथं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा तो रकाना भेटतो: आजवर केलेली कामं. तारखा, तास, जबाबदाऱ्या, वरिष्ठाचं नाव. अमेरिकेत तर हे प्रकरण लांबतं. तिथल्या लॉ स्कूलला दिलेली माहिती पुढं वकिलीचा परवाना मागताना पुन्हा तपासली जाते, आणि त्या वेळच्या चौकशीत अठराव्या वर्षापासूनच्या किंवा गेल्या दहा वर्षांतल्या एकूण एक नोकऱ्या मागतात. हॉटेलात कपबश्या विसळल्या असतील तर त्याही.

एक मुलगी आली होती, पाथर्डी तालुक्यातली. तिच्या यादीत एका मोठ्या वकिली फर्मची महिन्याभराची इंटर्नशिप होती, विधी सेवा प्राधिकरणाचं शिबिर होतं, कॉलेजच्या मूट कोर्टचं संयोजन होतं. छान इंग्रजीत, ठळक अक्षरात. मी विचारलं, ‘इंटर्नशिपमध्ये काय केलंस?’ म्हणाली, ‘सर, निकालांच्या झेरॉक्स लावल्या. एकदा क्लाएंटसाठी पाणी आणायला सांगितलं.’ मी विचारलं, ‘आणि पैशाचं काम कधी केलंस?’ तेव्हा तिनं सांगितलं, की बी.ए.ची तीन वर्षं ती गावातल्या दूध संकलन केंद्रावर होती. सकाळी पाच ते आठ आणि संध्याकाळी पुन्हा.

गायीच्या दुधाचा भाव साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफला बांधलेला असतो. त्याच्या खाली एकेक पॉइंट घसरला की लिटरमागं पैसे कापले जातात. दर दहा दिवसांनी दुधाचा पगार निघतो, आणि त्या पगारावर किराणा, खुराक, मुलांच्या फिया सगळं उभं असतं. मशीनवर फॅट कमी लागली की बाई केटली आपटून म्हणते, ‘काल चार लागली, आज तीन-दोन कशी? गाय तीच हाय.’ या मुलीनं पद्धत घातली होती. ज्याची तक्रार असेल त्याचा नमुना तिथंच, त्याच्यासमोर, रांगेतल्या दोघांना साक्षीला घेऊन पुन्हा लावायचा, आणि दोन्ही आकडे वहीत लिहायचे. पहिला खोडायचा नाही. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. नैसर्गिक न्यायाची तत्त्वं मी ज्या तासाला शिकवतो, त्या तासाला ती वर्गात शांत बसलेली असायची आणि मला वाटायचं, हिला काही कळतंय की नाही.

‘हे का लिहिलं नाहीस?’

‘ते काय लिहायचं सर? दूधच घालायचं होतं.’

मग बोलता बोलता दुसरं निघालं. आईवडील कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आगाऊ उचल घ्यायची आणि दिवाळी झाली की गाव सोडायचं. ही आजीकडे राहून शिकली, पण काही हंगामांत सुट्टीत फडावर जाऊन मोळ्या बांधल्या, वाढं (उसाचे हिरवे शेंडे) चाऱ्यासाठी विकलं. मी कागद घेतला आणि आकडेमोड केली. चेव्हनिंगला दोन वर्षांचा अनुभव लागतो. त्याचा हिशेब ते आठवड्याला ३५ तास आणि वर्षाला ४० आठवडे असा धरतात, म्हणजे २,८०० तास. बिनपगारी आणि स्वयंसेवी कामही ते मोजतात. ऊसतोडीचा हंगाम पाच महिन्यांचा धरला, दिवस बारा तासांचा, तर तिच्या आईचे एका हंगामाचे अठराशे तास होतात. गाडी रात्री दोनला भरायला उठतात ते वेगळंच. आई दोन हंगामांत चेव्हनिंगला पात्र ठरते, मी म्हणालो. ती हसली. मी म्हटलं, मग तुझे जे थोडे तास आहेत ते तरी लिही.

ती नाही म्हणाली. मी समजावलं, की असं काम केलेली मुलगी त्यांच्याकडे क्वचितच येत असेल. ती म्हणाली, ‘सर, उचल वडिलांनी घेतली आणि आईनं फेडली. माझं नाव मुकादमाच्या वहीतसुद्धा नाही. आणि तिथं काय शिकलीस म्हणून विचारलं तर काय सांगू? वाढं कुठल्या गल्लीत खपतं ते शिकले.’

मी वकील आहे, लगेच हार मानत नाही. टनावर मजुरी ठरते तेव्हा मुलाचे हात हिशोबात धरलेच जात नाहीत, आणि म्हणूनच तिचं नाव वहीत नाही, हे तिच्या बाजूचं कारण होऊ शकत नाही, असा युक्तिवाद मी केला. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ पासून आहे आणि उचलीच्या जोरावर माणूस बांधून घेणं आजही चालू आहे, तेव्हा हे आतून पाहिलेल्या वकिलाची गरज आहे, असंही म्हणालो. तिनं सगळं ऐकून घेतलं. ‘ते मी वकील झाल्यावर बोलीन ना सर. अर्जात कशाला?’ मला हे अजून पटलेलं नाही. निवड करणारे परीक्षक एका वर्षी जे वाचतात त्यावरून पुढच्या वर्षी काय वाचायचं ते ठरवतात, आणि कोयता कधी त्यांच्या टेबलावर गेलाच नाही तर त्यांच्या लेखी तो नसणारच. पण अर्ज तिचा होता.

दूध केंद्र मात्र तिनं लिहिलं. मी तिला एकच कसोटी दिली होती, आणि आता ती सगळ्यांनाच देतो. तुझ्या हातून त्या कामात चूक झाली असती तर कुणाचं काय गेलं असतं? झेरॉक्स उलटी लागली असती तर फर्ममधल्या कोणीतरी कपाळाला आठी घातली असती. फॅटचा आकडा चुकला असता तर कुणाच्या तरी घरचे दहा दिवस चुकले असते. ज्या कामात तुमच्या चुकीची किंमत दुसऱ्यानं मोजली असती ते काम आधी लिहा, बाकीचं जागा उरली तर.

ही कसोटी मी काही पुस्तकातून आणली नाही. कॉलेजात असताना मी एका साखर कारखान्यावर चिटबॉय म्हणून हंगाम काढला. शेतकऱ्याच्या उसाची नोंद घ्यायची: गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख. तोडणीचा क्रम या नोंदीवरून लागतो. तारीख आठ दिवस आधीची पडली तर टोळी आठ दिवस आधी येते, रान लवकर मोकळं होतं, गहू धरता येतो. नंतरची पडली तर ऊस उन्हात वाळतो, तुरे येतात आणि वजन घटतं. त्यामुळे त्या वहीतल्या एका तारखेसाठी माणसं चहा पाजायची, दम द्यायची, नात्यातली बाई मध्ये घालायची. पुढं वकिलीत पुरावा कायद्याचं जुनं कलम ३४ वाचलं, की हिशोबाच्या वहीतली नोंद ग्राह्य आहे पण केवळ तिच्या बळावर कोणावर देणं लादता येणार नाही, तेव्हा ते मला पाठ करावं लागलं नाही. वही कशी लिहिली जाते हे मी पाहिलेलं होतं. हे काम मी कुठल्याही अर्जात कधी लिहिलेलं नाही, कारण कोणी विचारलंच नाही. आमच्या पिढीला रकानाच नव्हता.

या कसोटीला चकवणारा एक मुलगाही भेटला. राहाता तालुक्यातला, हुशार, बोलण्यात तरबेज. बारावीनंतर दोन-तीन वर्षं शिर्डीत पॉलिशवाल्याचं काम केलेला. शिर्डीला बाहेरून गेलेल्यांना हा शब्द माहीत नसेल, पण माणूस नक्की भेटलेला असतो. गाडी थांबली की जवळ येतो, दर्शन लवकर करून देतो म्हणतो, आणि ठरलेल्या फुल-प्रसादाच्या दुकानात नेऊन उभं करतो. दुकानदार त्याला कमिशन देतो. भाविक शंभराच्या वस्तूचे पाचशे देतो आणि बाबांचं नाव घेत घरी जातो. पोलीस अधूनमधून धरपकड करतात. या मुलालाही एकदा चौकीत बसवून सोडलं होतं, गुन्हा दाखल नव्हता.

त्यानं यादीत लिहिलं होतं: गेस्ट रिलेशन्स एक्झिक्युटिव्ह.

‘कुणाचा गेस्ट?’ मी विचारलं.

तो ओशाळला नाही. ‘सर, मला सहा भाषांत भाव सांगता येतो. तेलुगू लोकांना कसं थांबवायचं आणि गुजरात्यांना कसं, हे मला माहीत आहे. हे स्किल नाही का?’

आहे की. पण माझी कसोटी इथं उलटी फिरते. त्याच्या कामात चूक झाली तर कुणाचंच काही जात नव्हतं. काम चोख झालं तरच भाविकाचे चारशे रुपये जायचे. मी त्याला सांगितलं, की मोघम यादी मागितली असेल तर हे गाळ, कोणी हरकत घेणार नाही. पण ‘सगळ्या नोकऱ्या लिहा’ असं म्हटलं असेल तर लिहावंच लागेल, आणि मग जे होतं तेच लिही: कमिशनवर दुकानात गिऱ्हाईक आणायचो. दुकानदाराचा फोन नंबर दे. चौकीबद्दल विचारलं असेल तर तेवढंच सांग, विचारलं नसेल तर नको. कारण उद्या तुला पिंजऱ्यात उभं करून कोणी उलटतपास घेतला, तर ‘एक्झिक्युटिव्ह’ हा शब्द दुसऱ्या प्रश्नाला कोसळेल, ‘कमिशनवर’ हा शब्द शेवटपर्यंत उभा राहील. त्यानं ते काम लिहिलं, शिवाय त्याच्या पुढं दोन ओळींत ते का सोडलं तेही. त्या दोन ओळी सबंध अर्जात सगळ्यात चांगल्या होत्या. मी त्या सुधारल्या नाहीत.

राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे तरुणपणी दादरला फुलं विकायचे आणि मग लष्करात ड्रायव्हर झाले, हे आमच्या जिल्ह्यात शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. भाषणात, लेखात, पुस्तकात या दोन नोकऱ्या आवर्जून येतात. माणूस मोठा झाला की त्याची जुनी कामं मिरवायला लोक पुढं होतात. अजून मोठा व्हायचा असतो तेव्हा मात्र त्यालाच ती झाकून ठेवाविशी वाटतात, आणि नियम करणारेही त्याला झाकायलाच लावतात.

म्हणून बार कौन्सिलला आणि सीईटी कक्षाला माझं एक सांगणं आहे. नोकरीचा रकाना प्रवेशाच्या अर्जात घाला. त्याला गुण नकोत, ना-हरकत नको आणि तो भरला म्हणून शिक्षाही नको. हजेरी घ्यायची तर कडक घ्या, वर्ग पहाटे सहाला ठेवा, पण रात्रपाळी करून आलेल्याला खोटी सही करून कायदा शिकायला बसवू नका. करार कायदा शिकवताना समोर मुकादमाच्या स्टॅम्पपेपरवर अंगठा उठवलेल्याचा मुलगा बसलाय, की सोसायटीचा सचिव, हे मला पहिल्याच दिवशी कळलं तर मी वेगळं शिकवीन.

आणि ज्यांना यंदा बाहेर अर्ज करायचे आहेत, त्यांनी दूध केंद्राच्या सचिवाचं, काट्यावरच्या बाबूचं, दुकानदाराचं पत्र आत्ताच घेऊन ठेवावं. पत्र हातानं लिहिलेलं असलं तरी चालतं, तारखा मात्र खऱ्या हव्यात. दहापर्यंत मी कॉलेजात असतो, त्यानंतर कोर्टात, आणि संध्याकाळी ऑफिस उघडं असतं.